चांदीची लोटी आणि विषाचा संशय

मार्गशीर्ष वद्य द्वितीया. पहाटे दाट धुके होते, दुपारी कोरडे ऊन पडले. वारा नव्हता.

त्या दुपारी नांदखेडच्या गढीत पंगत अर्ध्यावर मोडली. गढीचे धनी रायाजीराव घास तोंडाशी नेत होते, तो हातातून गळला. त्यांनी छातीवर मूठ दाबली. कपाळावर घाम फुटला आणि ते पाटावरून कलंडले. समोर त्यांच्या आई, आऊसाहेब, तुपाची चांदीची लोटी घेऊन उभ्या होत्या.

आऊसाहेबांनी हे पूर्वी एकदा पाहिले होते. सव्वीस वर्षांमागे याच पाटावर, अशीच छाती धरून, त्यांचे यजमान गेले होते. तेव्हापासून त्यांच्या मनाला एकच भुंगा लागला होता. कुणीतरी विष घातले. भाऊबंदांचा गढीवर डोळा होताच. म्हणून त्यांनी एक रीत घातली. धन्याच्या ताटातले सगळे आधी चाखणाऱ्याने पोटभर खायचे. घटकाभर थांबायचे. तो धड राहिला, तरच धन्याने जेवायचे. तूप मात्र आऊसाहेब स्वतः वाढत. त्यासाठी त्यांचा कुणावर विश्वास नव्हता.

वैधव्य आले तसे त्यांनी स्वतः तूप सोडले होते. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, वर करडईच्या तेलाची पळी, एवढेच त्यांचे जेवण. आपल्या वाट्याचे तूपही त्या लेकाच्या ताटात रिते करीत. पुरणपोळी तुपात बुडे. मटणाच्या रश्श्यावर चरबीचा बोटभर थर तरंगे. तळणीत उरलेले तूप दुसऱ्या दिवशी भाजीत जाई. रायाजीरावांना 'पुरे' म्हणायची सवय नव्हती, आणि आऊसाहेबांना ते ऐकायची.

चाखणारा होता केरोबा. आधी त्याचा बाप हेच काम करी. पहारेकरी थट्टा करीत, "केरबा, झकास चाकरी तुझी. पगार मरायचा, नि जेवण धन्याचं."

केरोबा पोटावरून हात फिरवी. "मरण येईल तवा येईल, दादा. आज श्रीखंड-पुरी हाय."

आता त्याच केरोबाच्या मुसक्या बांधून त्याला चौकात उभे केले होते. रायाजीरावांना आत निजवले होते आणि अंताजी वैद्य त्यांच्यापाशी होते. सारी गढी चौकात जमली. आऊसाहेबांच्या डाव्या हातात अजून लोटी तशीच होती. त्यांनी उजव्या हातात कुलदैवताचा भंडारा घेतला.

"ज्या हातानं माझ्या लेकाच्या ताटात विष पडलं, तो हात पुन्हा या गढीतल्या अन्नाला लागायचा नाही. त्या हाताचा धनी आज दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर जाईल. मग तो कुणी का असेना."

भंडारा उधळला. शपथ झाली.

"बोल, केरोबा. कुणी फितवलं तुला?"

"आऊसाहेब, विष असतं तर आधी म्या गेलो असतो."

"उतारा घेतला असशील."

"उतारा असता तर बाप कशाला गेला असता? तो बी ह्याच ताटातलं खात होता. असाच गेला. छाती धरून."

केरोबा घामाने भिजला होता. आऊसाहेबांना तो गुन्ह्याचा घाम वाटला. ऊन भिंतीवर चढत चालले होते.

वैद्य बाहेर आले. "सरकार शुद्धीवर आहेत. आजचं निभावलं." मग ते केरोबाकडे वळले आणि बांधलेल्या हाताचीच नाडी पाहू लागले.

"जिना चढताना धाप लागते?"

"लागती."

"छातीत आवळतं? डावा हात भरून येतो?"

"वरीस झालं. बोललो न्हाई. चाकरी गेली असती."

वैद्यांनी हात सोडला. "आऊसाहेब, सरकारांचं आणि याचं दुखणं एकच आहे."

"म्हणजे विषच."

वैद्य जवळ आले आणि आवाज खाली आणून बोलले. "हवं तर विष म्हणा. पण ते आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. आपली रीत घटकेत मारणारं विष पकडते. हे घटकेत मारत नाही. पाण्याच्या पाटाला गाळ धरतो तसा रक्ताच्या वाटांना आतून थर धरतो. एक दिवस वाट बुजते."

"कुणी घातलं? नाव घ्या."

"आपण भंडारा उचलण्याआधी मला विचारायला हवं होतं."

"नाव, वैद्यबुवा."

"थोरले सरकार पन्नाशीच्या आत गेले. केरोबाचा बापही. दोघांचं जेवण असंच तुपातलं. त्या ताटातलं न खाणारं या घरात एकच माणूस आहे, आणि ते सत्तरीला टेकलं तरी उभं राहून वाढतंय."

आऊसाहेबांची नजर लोटीवर गेली.

"तुपाला तर औषध म्हणतात," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आहेच. पण औषध पळीनं देतात, लोटीनं नाही. आणि नुसतं तूपच नाही. ती चरबी, ते तळणीचं जळकं तूप, सगळंच साचलं."

शेजारी उभे असलेले कारभारी पुटपुटले, "आऊसाहेब, हे चौकात कुणी ऐकलेलं नाही. केरोबाला वेशीबाहेर घालू. शपथही राहील आणि अब्रूही."

उन्हाची शेवटची पट्टी भिंतीच्या माथ्याला टेकली होती. केरोबा मान वर करून आऊसाहेबांकडे पाहत होता. त्या चालत त्याच्यापर्यंत गेल्या. कारभारी सुटल्यासारखे हसले. आऊसाहेबांनी लोटी जमिनीवर ठेवली आणि केरोबाच्या हातांची गाठ सोडली. मग उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"विष वाढणारा हात सापडला. हा."

दारातून, भिंतीला धरून, रायाजीराव क्षीण आवाजात म्हणाले, "आऊसाहेब, तुम्ही तर मायेनं वाढलंत."

"मायेनं वाढलेलं बाधत नाही, असंच मलाही वाटत होतं, राया."

दिवस मावळायच्या आत आऊसाहेब वेशीबाहेरच्या धर्मशाळेत राहायला गेल्या. गढीत चाखणाऱ्याची जागा मोडली. रश्श्यावरची चरबी काढून टाकू लागले. तळणीचे तूप पुन्हा वापरेनासे झाले. रोजच्या रांधण्याला करडईचे आणि शेंगदाण्याचे तेल आले, तेही मापून. वैद्यांनी मुभा दिल्यावर रायाजीराव रोज सकाळी पायी धर्मशाळेत जात आणि आईच्या हातची भाकरी जवसाच्या चटणीशी खात. केरोबा दोन वर्षांनी माघात छातीच्या दुखण्याने गेला. रायाजीराव एकाहत्तराव्या वर्षापर्यंत जगले.

तात्पर्य: घटकेत मारणाऱ्या विषाला सगळे भितात, पण वर्षानुवर्षे मायेने वाढलेल्या अतिरेकाला कुणी भीत नाही. तूप-तेल पारखून आणि मापून खावे. आणि चूक आपल्या हातची निघाली, तर दुसऱ्याचा हात बांधण्याआधी आपला वर करावा.