सुंदराबाईचं जास्वंदीचं कुंपण

"मग चूक कुणाची, माई? माझी?"

त्र्यंबकचा आवाज चढला होता. तापीकाठच्या त्या लहानशा आश्रमात रेवामाईंसमोर इतक्या मोठ्याने कुणी बोलत नसे.

बागकामाचं रीतसर शिक्षण घेऊन तो माईंचा शिष्य झाला होता. आल्या आल्या त्याने नर्सरीतून रोपं आणली आणि उजाड अंगणात जास्वंद, तगर, मोगरा फुलवला. लोक बाग बघायला येऊ लागले. मग उन्हं तापली आणि पांढरी माशी आली. पानं चिकट झाली, त्यावर काजळी धरली, कळ्या गळाल्या. त्याने औषध फवारलं. माशी परतली. त्याने आणखी जहाल औषध आणलं. माशी पुन्हा परतली, आधीपेक्षा दाट.

शेवटी त्याने ठरवून टाकलं, की ती शेजारच्या सुंदराबाईच्या कुंपणातून येते. सुंदराबाई एकटी. कुंपणावरची जास्वंदीची फुलं बाजारात विकून तिचं चालायचं. ती लेकीकडे गेलेली असताना त्याने ते कुंपण मुळापासून तोडलं आणि जाळलं.

आज सकाळी ती आश्रमात आली. भांडली नाही. उद्यापासून बाजारात काय नेऊ, एवढंच तिने माईंना विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता निघून गेली.

त्र्यंबकला तिच्या या प्रश्नाचाच संताप आला होता. एका बाईच्या निष्काळजीपणापायी देवाची बाग मरू द्यायची का, असं त्याचं म्हणणं होतं.

"कुंपण जळालं," माई म्हणाल्या. "माशी गेली?"

"नाही. आता मागच्या वस्तीतून येत असेल. तिथेही तगर आहे."

माई उठल्या. त्यांना इतकं रागावलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. आश्रमाच्या जास्वंदीपाशी जाऊन त्यांनी एक फांदी जोरात हलवली. धूर उठावा तशा माश्या उठल्या आणि त्यांच्या पिवळ्या लुगड्यावर, हातांवर, चेहऱ्यावर बसल्या.

"पंप आण. फवार."

"तुमच्या अंगावर?"

"माशी माझ्या अंगावर आहे."

"माई... ते विष आहे."

"हे तुला ठाऊक होतं?"

माईंनी त्याला झुडपात वाकून बघायला लावलं. पूर्वी तिथे कोळ्यांची जाळी असायची, माशीची पिल्लं खाणारे ठिपक्याठिपक्यांचे ढालकिडे फिरायचे. आता त्यातलं काहीच उरलं नव्हतं. पानांच्या पाठीला मात्र पिल्लं गच्च चिकटलेली होती.

"नर्सरीतून रोपं आणलीस, तेव्हा पानं उलटून पाहिली होतीस?"

त्याने पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून पंप बंद झाला. त्र्यंबक रोज सकाळी पानं खालून पाण्याने धूत राहिला. फार किडलेली खुडून टाकत राहिला. हळूहळू कोळी परतले. माशी पुरती गेली नाही, पण झाडं तगली, कळ्या उमलू लागल्या. मग त्याने निरोगी फांद्या निवडल्या, एकेक पान तपासलं आणि सुंदराबाईच्या हद्दीवर नवं कुंपण लावलं. तिने लावू दिलं. बोलली मात्र नाही.

फांद्या रुजल्या, त्यांना पालवी फुटली. तरी ती त्याच्याकडे बघेना. एक दिवस तो पुन्हा तणतणत माईंसमोर येऊन बसला.

"सगळं होतं तसं करून दिलं मी. आणखी काय करायचं? ही बाई मला क्षमा कधी करणार?"

माईंनी त्या नव्या कुंपणाकडे पाहिलं.

"तिथे क्षमा लावली होतीस का? मला वाटलं, जास्वंद लावलीस."