जिवंत कवडी

"…मग मी जाऊ की नको, बुवा?"

मुरारीनं हे सकाळपासून कितव्यांदा विचारलं, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. गावाच्या देवळातले नेहमीचे कीर्तनकार आजारी पडले होते, आणि आज संध्याकाळी मुरारीनंच उभं राहावं, असं गावकरी सांगून गेले होते. पहिलंच कीर्तन! आनंद पोटात मावत नव्हता. गळा गोड, आख्यान तोंडपाठ, आता फक्त गुरूंनी, म्हणजे जानबुवांनी, हो म्हणायचं राहिलं होतं.

उन्हं कलली तसे जानबुवा उठले आणि ओहोटी लागलेल्या किनाऱ्याकडे निघाले. मुरारी मागोमाग.

कातळातल्या एका खळग्याशी बुवा वाकले. पाण्यातला दगड त्यांनी हलकेच उलटला. खाली काळपट, बुळबुळीत गोळा चिकटलेला होता. मुरारीनं नाक मुरडलं.

बुवांनी गोळ्याला बोट लावलं. वरचं मांस दोन्ही अंगांनी सरसर मागे गेलं, आणि आतली कवडी उघडी पडली. ठिपक्याठिपक्यांची, आत्ताच तेल लावून पुसल्यासारखी.

मुरारी हरखून तिथंच बसला. वाळूत पडलेल्या कवड्या त्यानं जन्मभर पाहिल्या होत्या, पण त्या सगळ्या पांढुरक्या, खरबरीत. असलं तेज त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"हिला घासतं कोण, बुवा?"

"तेच मांस. पांघरून बसतं ना, ते. वाळूतल्या उघड्या पडल्या, म्हणून तशा."

…

मांस हळूहळू पुन्हा वर चढू लागलं. कवडी झाकत चालली. मुरारीला ते बघवेना. त्यानं बोटानं डिवचलं, मांस मागे सरलं, कवडी झळकली. पुन्हा चढलं, पुन्हा डिवचलं. त्याला हसू आवरेना.

हीच कवडी कीर्तनात सगळ्यांपुढे ठेवतो, असं तो भरभरून सांगू लागला. लोक बघतच राहतील, पंचक्रोशीत नाव होईल. बोलता बोलता बोटाचा चाळा चालूच होता.



भरतीचं पाणी खळग्यात शिरू लागलं. तिकडे देवळात पखवाजावर थाप पडली. मुरारीनं मान वळवून देवळाकडे पाहिलं.

"बुवा, वेळ झाली… जाऊ ना?"

जानबुवा खळग्याकडे बघत होते.

"आधी ते बोट काढ."