धाकट्या साळुंकीची फांदी

त्या रानात रात्रीची झोप सगळं पुसून नेत असे. पहाटे जाग आल्यावर कुणाला आपलं घरटं आठवत नसे, की स्वतःचं नाव. विसर शिवत नसे तो फक्त कोंबड्याला आणि दोन साळुंक्यांना. त्या बहिणी साऱ्या रानाचं लक्षात ठेवत. थोरलीला जे सांगावं, तेच त्याच क्षणी धाकटीलाही सांगितलं जाई, शब्दाला शब्द. एक गेली तरी दुसरी आहे, या भरवशावर रान निर्धास्त झोपे. पहाटे कोंबडा थोरलीच्या कानात पहिलं वाक्य सांगे, मग ती बोलू लागे आणि धाकटी तिच्या सुरात सूर मिसळी.

एका पहाटे थोरली फांदीखाली मरून पडलेली होती.

परक्या रानातला एक सुतारपक्षी आदल्याच दिवशी तिथे वस्तीला आला होता, म्हणून त्याला अजून विसर जडला नव्हता. त्याला जाग आली ती पिलांच्या आकांताने. आया घरट्यांशेजारीच बसून होत्या, पण कुणी हलत नव्हतं. एका बगळीला त्याने सांगितलं, "बाई, तुझी पिलं भुकेली आहेत."

"माझी?" असं म्हणून तिने मान फिरवली.

धाकटीलाही विसर पडला असावा, असं वाटून तो तिच्याकडे गेला. बगळीचं घरटं कुठलं, उथळ पाणी कुठे, सापाचं बीळ कोणतं, जे विचारलं ते तिने अचूक सांगितलं.

"मग बोलत का नाहीस?"

"सुरुवात ताईची असायची," धाकटी म्हणाली. "कोंबडा पहिलं वाक्य तिच्याच कानात सांगायचा. माझ्या कानात त्याने ते कधी सांगितलंच नाही, आणि त्याशिवाय रान ऐकत नाही. मी मधूनच बोलले, तर कुणी वळूनही पाहिलं नाही."

सुतारपक्षी तडक कोंबड्याकडे गेला. कोंबडा थोरलीच्या रिकाम्या फांदीवर उभा राहून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. घसा बसल्यामुळे ते दोन हातांवरही ऐकू जात नव्हतं.

"धाकटीकडे चला, दादा. तिला सगळं येतं."

"मला हीच फांदी नेमून दिली आहे."

"नेमून देणाऱ्याला हे कुठे ठाऊक होतं?"

कोंबडा पुन्हा तेच वाक्य म्हणू लागला. ऊन चढलं. सुतारपक्षी त्या फांदीवर चोच आपटत राहिला. मग बगळीच्या घरट्यातला एक आवाज थांबला. दोघांनीही तो थांबलेला ऐकला.

कोंबडा उडाला आणि धाकटीच्या कानाशी वाकला. "ऐका, हे तुमचंच आहे," ती मोठ्याने म्हणाली. रानभर माना वळल्या. बगळी आपल्या घरट्यावर झेपावली. तिथे तीनपैकी दोनच चोची उघडल्या.

दुपारी पाखरांनी रिकाम्या फांदीवर एक नवी साळुंकी आणून बसवली; त्या फांदीवर राहणारीला विसर शिवत नसे. धाकटी तिला पहिल्यापासून सगळं सांगू लागली. काम अनेक दिवसांचं होतं. त्या रात्री सुतारपक्ष्याचा डोळा लागला नाही.

पहाटे कोंबड्याने धाकटीच्या कानात वाक्य सांगितलं. मग तो धापा टाकत दुसऱ्या फांदीवर गेला आणि तेच वाक्य नव्या साळुंकीच्या कानात म्हणाला. तिला अजून एका घरट्याचंही नाव येत नव्हतं.