आवडूचा दोर

तुमच्या पणज्यांच्या पणज्या जन्मायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. काळखडप गावात आवडू राहायची. नवरा रुमाजी होडी हाकायचा आणि ती किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढायची. रापण म्हणजे लांबच लांब जाळं, अख्ख्या गावाने दोन्ही टोकांनी ओढायचं.

आषाढात समुद्र बंद असे. त्या दिवसांत पाण्यातून हाक आली तर ती बुडालेल्यांची, तिला ओ द्यायची नाही, अशी गावाची समजूत. एका सकाळी पावसातून हाका आल्या. मोठमोठ्या मिशांचे तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, दारं लावून चुलीपाशी जाऊन बसले. आवडू मात्र कान देऊन ऐकत राहिली.

“भुतां कधी खोकतत?” ती म्हणाली.

खडकावर गलबत फुटलं होतं. आवडूने दारं ठोठावून गाव बाहेर काढलं, माळ्यावरची रापण उतरवली. पण एवढ्या लाटांत जाळं न्यायचं कोणी? सगळे पायांकडे बघू लागले.

“तुमी जावा,” ती नवऱ्याला म्हणाली. “दोर मी धरतंय.”

रुमाजी गेला. त्याने गलबताभोवती जाळं टाकलं, दुसरं टोक किनाऱ्यावर पोचवलं आणि जाळं खडकात अडकू नये म्हणून पुन्हा त्याच्यामागे होडी नेली. गाव ओढू लागलं. जाळ्याला बिलगून खलाशी आले, एकूण अकरा. होडीच्या मात्र फळ्याच आल्या.

आपणच त्याला धाडलं, हे आवडूच्या काळजाला लागलं. तिने दोर सोडवून पाण्यात टाकला, टोक कमरेला बांधलं आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली. लोकांनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी भात आणून भरवला. ती हलली नाही. दोर पाण्यात आपोआप वाढत गेला, असं म्हणतात. कोसभर गेला, असंही म्हणतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोराला ओढ बसली. हात सोलले तरी तिने कुणाला दोर धरू दिला नाही. टोकाला रुमाजी होता. वाळूवर पडल्या पडल्या त्याने डोळे उघडले.

“किती गावले?”

“अकरा,” आवडू म्हणाली. “बारावे तुमी.” आणि मग ती रडली.

काळखडपला आजही रापण ओढली की एक बाई दोर कमरेला बांधून पाण्यात उभी राहते. शेवटचा माणूस वाळूवर येईपर्यंत माशांना कोणी हात लावत नाही.