वाइनमधले सासरे

“या वाइनमधून माझे सासरे बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता!”

तुंगराजा असा काही ओरडला की पेला हातातून सुटून थेट प्रधानजींच्या जोड्यावर पडला. त्या काळी वाइनला काय म्हणत असतील ते असो, आपण वाइनच म्हणू.

भानगड अशी होती. राजाच्या बागेतली काळी द्राक्षं रंगाला झकास, पण दरवर्षी भुरी पडायची. पानं पीठ फासल्यासारखी पांढरी, घड गळालेले, आणि राजाचं तोंड उतरलेलं! राणीसाहेबांनी लग्नात माहेरहून, म्हणजे सारंगपूरहून, एक वेल आणली होती. तिला भुरी शिवत नसे, पण तिची द्राक्षं अशी पाणचट की कावळासुद्धा एक मणी खाऊन दुसऱ्याच्या बागेत जाई.

मग बागेतल्या हौसा माळणीला खटपट सुचली. काळ्या वेलीच्या फुलोऱ्यावर तिने सारंगपूरच्या वेलीचे पराग हलक्या हाताने टेकवले. फळ धरलं, बी रुजलं, नवी वेल मांडवावर चढली. रंग काळ्या वेलीचा, तब्येत सारंगपूरची! भुरी आली, तिने पाहिलं आणि तोंड काळं केलं. त्या द्राक्षांची लालभडक वाइन राजा मिटक्या मारत प्यायचा आणि मिशीवर ताव देत म्हणायचा, “याला म्हणतात आमची माती!”

एकदा राणीसाहेब सहज बोलून गेल्या, “माती तुमची, पण गुण आमच्या माहेरच्या वेलीचा हो!”

झालं! राजाला ठसकाच लागला. त्यात उद्या सासरेबुवा मुक्कामाला यायचे. ते घोट घेणार आणि चार गावांत सांगत सुटणार, की जावयाच्या घरी आम्ही आमचीच वाइन प्यालो!

“हौसे,” राजा म्हणाला, “उद्या मामासाहेब यायच्या आत त्यांचा भाग यातून गाळून काढ. नुसता माझा उरला पाहिजे! नाही जमलं, तर ती वेल मुळासकट उपटून बंबात घालीन.”

हौसा तडक मांडवाकडे धावली. बीपासून वाढवलेली वेल होती ती. उन्हाळ्यात स्वतःच्या वाटणीचं पाणी पाजलं होतं तिने. ती मांडवाखाली बसून पोटभर रडली. मग पदराने नाक पुसलं आणि वेलीला म्हणाली, “थांब बाई, असा कसा उपटतो बघतेच मी!”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सारंगपूरचे सासरेबुवा पोट सावरत येऊन बसले. मागोमाग हौसा आली. एका हातात गाळणं, दुसऱ्या हातात काजळाची डबी!

“काढलेस का गं?” राजा तिच्या कानाशी पुटपुटला.

“काढते की, महाराज!” हौसा खणखणीत आवाजात म्हणाली. “पण मी पडले अडाणी. आधी तुम्ही एक नमुना करून दाखवा. या आपल्या इंदूताई. यांच्यात आजोबांचा भाग कुठवर आणि तुमचा कुठून, तेवढी काजळाने रेघ मारून द्या. तसंच मी वाइनचं करते.”

चार वर्षांची राजकन्या इंदू लाडू खात उभी होती.

“हात्तिच्या!” राजा हसला. “हे बघ, नाक माझं!” आणि त्याने नाकावर ठिपका दिला.

“नाक?” सासरे उसळले. “जावईबापू, तुमच्या नाकात पोपट घरटं करील! हे नाक आमच्या आईसाहेबांचं!” त्यांनी डबी ओढून दुसरा ठिपका दिला.

“मग गालाची खळी माझी!”

“खळी आमची! कान घ्या हवे तर!”

“कान नकोत मला! डोळे द्या!”

रेघा वर, रेघा खाली! बघता बघता राजकन्येचं तोंड तव्याच्या बुडासारखं झालं. राणीसाहेब पदरात तोंड खुपसून हसत होत्या. इंदूने मात्र लाडू फेकला, पाय आपटले आणि भोकाड पसरलं, “मी जेवणारच नाही! कध्धीच नाही! पुसा आधी!”

“हा हट्ट तेवढा तुमचा हं, जावईबापू!” सासरे म्हणाले.

“माझा? मी तर गरीब गाय! तुमच्या लेकीचा आहे तो!”

“मग मारा ना रेघ, महाराज!” हौसाने डबी पुढे केली. “गाळणं धरून हात अवघडले माझे!”

राजा पोरीभोवती एक फेरी मारून आला. डोकं खाजवलं, पुन्हा एक फेरी मारली. शेवटी वैतागून ओरडला, “अगं बये, रेघ मारू कुठे? हिच्यातून मामासाहेबांना काढलं तर माझी पोरच उरणार नाही!”

हौसाने गाळणं खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाली, “महाराज, हे काल मी बोलले असते तर तुम्ही माझी मानच उडवली असती! म्हणून म्हटलं, तुमच्याच तोंडून ऐकावं!”

राजाची मिशी थरथरली, गाल फुगले आणि तो एकदम खो खो हसत सुटला. सासरे इतके हसले की कमरपट्टाच तुटला.

“मामासाहेब, या वाइनमध्येच सुखाने राहा!” राजा डोळे पुसत म्हणाला. “हौसे, नदीपलीकडची अख्खी टेकडी तुझी! लाव तिथे तुझ्या वेली!”

“आणि शेणखताच्या गाड्या आमच्याकडून!” सासरे गरजले.

“छे, छे! टेकडी आमची, खतही आमचंच!”

“वेल आमची, खतही आमचंच!”

“भांडू नका, महाराज!” हौसा पदर खोचत म्हणाली. “दोघांचंही येऊ द्या. टेकडी चांगली मोठी आहे!”