दिव्याचं सील

जयसिंगपूरच्या हेमलता मगदूम भांडत नसत, समोरच्याला मनसोक्त बोलू देत. त्यांच्या नव्या गाडीच्या दिव्यात पाणी शिरलं, म्हणून त्या शोरूमला गेल्या. मॅनेजर रणदिवे साहेबांनी दिव्याकडे धड पाहिलंही नाही.

“सील तुटलंय बाई. तुम्ही घरी दिवा उघडलात. आता वॉरंटी विसरा!”

“तुमच्या माणसांशिवाय त्याला कुणी हात लावलेला नाही, साहेब.”

“सगळे हेच सांगतात,” म्हणत साहेब नवी गाडी न्यायला आलेल्या कुटुंबाकडे वळले. तिथं हार, नारळ, पेढे असा सगळा थाट होता. त्यातल्या आजोबांनी विचारलं, “दिवा गेला तर घरच्या घरी बदलता येतो का हो?”

साहेब छाती फुगवून म्हणाले, “छे! आमच्या खास पान्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी दिवा उघडणार नाही. अन् तो पाना आमच्या वर्कशॉपबाहेर जात नाही!”

हेमलताबाई लगेच पुढे झाल्या. “मग साहेब, माझ्या दिव्याचं सील तुमच्याच वर्कशॉपात तुटलं. तसं नसेल, मी घरीच उघडला असेन, तर ह्या आजोबांना सांगा, की तुमचा दिवा कुणालाही उघडता येतो. दोन्हीतलं खरं कुठलं?”

नारळ फोडायला उचललेला आजोबांचा हात तसाच थांबला.

“अरे, बाईंना नवा दिवा बसवा!” साहेब ओरडले आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्वतः धावले. “घ्या ताई, तोंड गोड करा.”

“आधी दिवा लागू दे,” हेमलताबाई म्हणाल्या, “अन् सील माझ्यासमोर लावा.”