उंबरतीर्थाचा पाठमोरा नंदी

थांबा, थांबा. उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका अजून. आधी हा नंदी बघा. काही खटकतंय का? हां, ताईंच्या लगेच ध्यानात आलं. कुठल्याही शंकराच्या देवळात जा, नंदी पिंडीकडं तोंड करून बसलेला असतो. आमच्या उंबरतीर्थाचा नंदी महादेवाकडं पाठ करून बसलाय. तोंड घाटाकडं, जिथून तुम्ही आत्ता धापा टाकत वर आलात तिकडं. आणि जरा जवळ येऊन त्याचे डोळे बघा. उजव्याचं बुबुळ कसं स्वच्छ कोरलंय, आणि डावा नुसता गोटा. कोणी फोडलेला नाही, पहिल्यापासून तसाच आहे.

येणारा प्रत्येक जण विचारतो, आक्का, हे असं का? मी इथली गुरवीण, चंद्राक्का म्हणतात मला. मला सासूबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. पोथीत कुठं लिहिलेलं नाही, तेव्हा खरं-खोटं महादेवाला ठाऊक. पण सांगते. बसा या ओट्यावर.

अहो दादा, घड्याळ काय बघताय? देवीचं दर्शन राहिलंय, दत्ताचं राहिलंय, संगमावरचा सिद्धेश्वर राहिलाय, सगळं ठाऊक आहे मला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! देव कुठं पळून जात नाहीत, आणि इथली किल्ली माझ्या कमरेला आहे. तसंही तुम्हाला अजून आत सोडता यायचं नाही. तुमच्यातल्या एक बाई खाली वळणावर बसल्यात, त्या कोण? तुमच्या आत्या? गुडघे धरलेत, 'तुम्ही जाऊन या, मी इथूनच हात जोडते' म्हणाल्या? अहो, प्रत्येकाच्या घरचं कोणीतरी असं म्हणतंच. आणि बाकीचे ऐकतात, याचंच मला नवल वाटतं. हे कोण, मेहुणे का? दाजी, तुम्ही जा खाली. हात द्या त्यांना. म्हणावं, गुरविणीनं अडवून धरलंय, तुमच्याशिवाय कोणाला आत सोडत नाही. घाई करू नका, दम खात खात आणा. तोवर माझी गोष्ट होते.

तर फार जुन्या काळची गोष्ट. हे देऊळ तेव्हा नवं होतं. पिंड बसली होती, शिखर चढलं होतं, फक्त नंदी यायचा होता. नंदी घडत होता नदीपल्याडच्या खाणीत. घडवणाऱ्याचं नाव म्हाळोजी पाथरवट. बायको मागंच गेलेली, घरात एक लेक, भिवरा. बापाबरोबर दगडातच वाढलेली. छिन्नीला धार लावायची, बापाला पाणी द्यायचं, आणि दगड हलवायचा असला की उटी लावायची.

उटी म्हणजे काय, ते सांगते. गाडी चढावर थांबली की चाकामागं दगड लावता ना, तीच उटी. मोठी मूर्ती चढावर न्यायची तर खाली लाकडाचे ओंडके घालतात आणि वरून माणसं दोरांनी ओढतात. ओढणारे दम खायला थांबले की मूर्ती मागं घसरायला बघते. तेव्हा मागून चालणाऱ्यानं चटकन ओंडक्याखाली पाचर सारायची आणि ओरडायचं, "बसली!" ते ऐकल्याशिवाय वरच्यांनी दोर सैल सोडायचा नाही. ओढणाऱ्यांचं कौतुक सगळे करतात. मागं पाचर घेऊन कोण चालतंय, ते कोणी बघत नाही. जीव मात्र त्याचाच टांगणीला. भिवरेची पाचर म्हणे कधी चुकली नव्हती.

पाथरवटांची आणखी एक रीत. मूर्तीचे डोळे अगदी शेवटी उघडायचे. सगळं अंग घडवायचं, घंटांची माळ कोरायची, पण डोळ्यांच्या जागी नुसते गोटे ठेवायचे. मूर्ती जागेवर बसली, समोर देव आला, की मग पाथरवट छिन्नी लावून बुबुळ उघडतो. पहिली नजर देवावर पडली पाहिजे ना! तोवर तो दगड. डोळा उघडला की देव. मग पाथरवटानंसुद्धा विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

नंदी नदीतून तराफ्यावर आणला आणि घाटाला लावला. दोर तोंडावर घासू नयेत, शिंगं दुखावू नयेत म्हणून मागच्या अंगाला दोर बांधले. म्हणजे नंदी शेपटीकडून वर चढत होता आणि त्याचं तोंड खाली, नदीकडं. त्या तोंडासमोर पाचर घेऊन भिवरा.

वर देवळापाशी केशवभट उपाध्ये बसले होते. पिकलं पान. मुहूर्त त्यांनीच काढलेला. पाण्याच्या घंगाळात तळाला भोक असलेलं घटिकापात्र सोडलं होतं, ते भरून बुडालं की मुहूर्त संपला. आणि तो हुकला तर पुढचा योग बारा वर्षांनी. बिचाऱ्यानं हे देऊळ उभं राहावं म्हणून उभा जन्म घातला होता. बारा वर्षं काही आपल्याला मिळत नाहीत, हे त्यांना कळत होतं. वाईट माणूस नव्हता हो तो. फक्त त्याची नजर त्या पात्रावरून हलत नव्हती.

सकाळपासून ओढत ओढत नंदी शेवटच्या वळणापर्यंत आला. तुमच्या आत्या बसल्यात ना, अगदी तिथं. पात्र काठोकाठ भरत आलेलं. केशवभटांनी शंख फुंकायला सांगितला, ढोल वाजायला लागले, लोकांनी 'हर हर महादेव' केलं. त्या गलक्यात काय ऐकू येणार! ओढणाऱ्यांनी जोर केला, दम खायला थांबले, आणि 'बसली' ऐकायची वाट न बघताच दोर सैल सोडले. नंदी घसरला. भिवरेनं पाचर सारली, नंदी अडला. पण तिचा पाय ओंडका आणि पायरी यांच्यामध्ये सापडला.

ती किंचाळली नाही म्हणे. म्हणाली, "आबा, दोर सोडू देऊ नका." एवढंच.

म्हाळोजी मागूनच चालत होता. पोरीचा पाय बघितला मात्र, तो वर बघून ओरडायला लागला. दोर दीपमाळेला बांधा, खाली उतरा, पहारी आणा! पण नंदी एवढा थोरला की वरच्यांना मागचं काही दिसेना. निरोप तोंडातोंडी वर गेला, पाथरवटाची पोर अडकलीय. केशवभटांनी पात्राकडं बघितलं. बोटभर काठ पाण्याच्या वर उरलेला. पहारी आणायच्या, नंदी उचलायचा, म्हणजे मुहूर्त गेलाच. ते म्हणाले, "सगळे मिळून एकच हिसका द्या. नंदीही येईल वर, पोरही सुटेल."

त्यांना तसं खरंच वाटलं असेल. पण दगडाचं काम केलेल्याला विचारा. जोर घेताना दोर आधी जरासा ढिला पडतो आणि दगड वीतभर मागं बसतो, मगच पुढं येतो. ती वीतभर जागा भिवरेच्या अंगावरून जाणार होती. म्हाळोजी घसा फोडून सांगत होता, ढोलांपुढं कोण ऐकतो? माणसांनी दोर हाताला गुंडाळले. सगळ्यांची तोंडं देवळाकडं. आता एकदाचं घोडं गंगेत न्हालं, या आनंदात सगळे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय!

मग म्हाळोजीनं काय केलं? कमरेची छिन्नी काढली, हातोडी घेतली, आणि नंदीच्या तोंडासमोर उभा राहून उजव्या डोळ्यावर घाव घातला. भर घाटात! टण्ण, टण्ण. तो आवाज वर्षभर नदीपल्याडून गावाच्या कानांवर पडत होता, त्यामुळं ढोलातूनसुद्धा सगळ्यांना ओळखू आला. ढोल थांबले. शंख थांबला. बुबुळ उघडल्याचा घाव वेगळा वाजतो म्हणे.

केशवभट उठून उभे राहिले. "अरे, काय केलंस हे! देवासमोर उघडायचा डोळा तू वाटेत उघडलास?"

म्हाळोजी खालून ओरडला, "तुमच्यातलं कुणी मागं बघत नाही, महाराज. आता हा बघतोय! हा दगड नाही राहिला. द्या हिसका, ज्याची छाती होईल त्यानं!"

आता सांगा, डोळा उघडलेल्या देवाला कोण हिसका देणार? माझ्या सासूबाई सांगायच्या, दोन-चार आडदांडांनी तरीही दोर ओढून बघितला, पण नंदी तिळभर हलला नाही. ना पुढं, ना मागं. पोरीचं नख दुखेल एवढासुद्धा मागं आला नाही. आता हा नंदीचा चमत्कार, की भिवरेच्या पाचरीची करामत, तुम्हीच ठरवा. मी काही बघायला नव्हते.

माणसांनी दोर दीपमाळेला बांधले आणि खाली उतरली. पहिल्यांदाच मागं आली. पहारी लावून ओंडका उचलला, भिवरेचा पाय मोकळा केला. म्हाळोजीनं आपलं मुंडासं फाडून तो बांधला. सगळ्यांत शेवटी भिंत धरत धरत केशवभट आले. त्यांनी तो पाय बघितला आणि तिच्याशेजारीच पायरीवर बसले. वर घंगाळात पात्र बुडालं, पण ते बघायला तिथं कोणी नव्हतंच.

 मग भिवराच म्हणाली, "जावा की वर. माझ्यापायी खोळंबू नका." केशवभट म्हणाले, "खोळंबायचं ते खोळंबून झालं, बाई. आता तू वर आल्याबिगर कोणी आत जायचं नाही. मीसुद्धा नाही." बायका तिला उचलून न्यायला निघाल्या, तर ती ऐकेना. म्हणाली, नदीपासून मागं चालत आले, आता खांद्यावरून कशाला जाऊ?

नंदी मग फुलासारखा वर गेला म्हणतात. त्याच्या मागून भिवरा आली, एकेका पायरीवर बसत, पाय ओढत. आणि अख्खं गाव याच अंगणात उभं. पोरं रडायला लागली, नैवेद्य गार झाला, ऊन कलंडलं, तरी कोणी हललं नाही. दार सताड उघडं, समोर महादेव, आणि आत कोणी नाही. शेवटी त्या कोपऱ्यातून तिचं डोकं वर आलं. एवढी माणसं तिच्याकडं तोंड करून उभी बघितली आणि ती जागच्या जागी थबकली. म्हणाली, "थांबलात व्हय माझ्यासाठी?" आणि रडायला लागली. पाय दगडाखाली होता तेव्हा जी रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

त्या संध्याकाळी, मुहूर्त नसताना, नंदी बसवला. रीतीप्रमाणं तोंड महादेवाकडं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घराण्यातल्या गुरवानं अंगण झाडायला फाटक उघडलं, तर नंदी फिरून घाटाकडं बघत बसलेला! गाव गोळा झालं. कोणी म्हणालं कोप झाला, कोणी म्हणालं शांत करा. केशवभट म्हणाले, "कसला कोप? डोळा उघडल्यावर त्यानं जे पहिलं बघितलं, तेच तो बघणार. असू दे." म्हाळोजीला डावा डोळा उघडायला सांगितलं, तर तो म्हणाला, "आता माझा काय अधिकार? हा देव झाला." म्हणून तो गोटा तसाच राहिला.

भिवरा पुढं लंगडतच चालली, पण पुष्कळ जगली. दर सोमवारी वर यायची. ती येईपर्यंत गुरव आरतीचं तबक उचलत नसे. ती गेल्यावर तिची ती पाचर वळणावर मांडली. शेंदूर लावलेला लाकडाचा तुकडा दिसला ना तुम्हाला? देव समजून पैसे टाकलेत? टाका, चालतंय. देवच आहे तो.

तेव्हापासून केशवभटांचा शब्द इथं चालतो. इतर गावांत नंदीच्या शिंगांमधून महादेव बघतात. आमच्याकडं त्याच्या शेपटीशी बसायचं, शिंगांमधून घाट बघायचा, आणि आपलं कोण मागं राहिलंय ते शोधायचं. ते वर आलं की मग सगळ्यांनी मिळून आत. कोणी चिडतात माझ्यावर, आमची गाडी चुकेल म्हणतात. चुकू दे की! केशवभटांचा मुहूर्त चुकला, तरी देऊळ उभंच आहे. आजही उंबरतीर्थाला मागचं माणूस आल्याशिवाय पुढचं माणूस महादेव बघत नाही.

दादा, तुम्ही बसा बरं इथं. खाली वाका. दोन शिंगांच्या मध्ये बघा. काय दिसतंय? जांभळं लुगडं ना? दाजींच्या खांद्यावर हात टाकून येतायत. बघा, पाचरीपाशी थांबल्या, नमस्कार केला. हां, निघाल्या. किती वर्षांच्या आहेत हो? आणि आई गेल्यावर यांनीच वाढवलं तुम्हाला? मघाशी हे नाही बोललात. असू द्या, डोळे पुसा. आल्यावर त्यांना असे दिसू नका.

या आत्याबाई, या. सावकाश. तिथं कठडा धरा. नाही हो, दर्शन व्हायचंय अजून. कोणीच आत गेलं नाही.

हो तर. तुमच्यासाठीच थांबलेत सगळे.